न चावणारं पाखरू

अठ्ठ्याण्णव सालचा मार्च. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला होता, पण दोरीवरच्या कपड्यांवर चिमणीची काजळी अजून पडत होती. मी सासरहून निघून कसबा बावड्याला अण्णांकडं, म्हणजे वडिलांकडं, येऊन महिना झाला होता. अण्णा कारखान्यात फिटर होते. त्या दिवशी ते कामावरून आले ते टोपी हातात उलटी धरून. टोपीत पोपटाचं पिल्लू होतं.

"कॉलनीतला वठलेला नारळ पाडला आज," ते म्हणाले. "ढोलीत तिघं हुती. दोन गेली. हे एवढं ऱ्हायलं."

"मी काय करू त्याचं?"

"बघ की जमलं तर. तुला तरी दिवसभर काय काम हाय?"

ते टोचून बोलले नव्हते. आमच्याकडं मायासुद्धा असल्याच भाषेत बाहेर पडते. आई मी नववीत असतानाच गेली होती. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही बोलण्यात काटकसरी. परत आले त्या दिवशी मी त्यांना "तिथं जमत न्हाय" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी पुढं काही विचारलं नव्हतं.

विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? नवरा कबनूरला यंत्रमागांवर जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करायचा. आमची खोली मागाच्या शेडला लागूनच होती. दिवसभर तो खडखडाट. माणसं एकमेकांशी हातवारे करूनच बोलायची. नवऱ्याला ओरडायची सवय नव्हती, दारूचं व्यसन नव्हतं. आमटीत मीठ जास्त झालं, शेजारणीशी दारात बोलत राहिले, किंवा काहीच झालं नाही, तरी तो शेजारी येऊन बसायचा, माझं उजवं मनगट हातात घ्यायचा आणि नट आवळावा तसं हळूहळू पिळायचा. माझ्या चेहऱ्याकडं बघत. हसत. मी ओरडले तरी त्या आवाजात मला माझंच ओरडणं ऐकू यायचं नाही.

बावड्यात आल्यावरही तो आवाज सुटला नव्हता. दुपारी सगळं निवांत असताना भिंतीच्या आत माग चालू आहेत असं वाटायचं. मी उठून भिंतीला तळवा लावून बघायची. भिंत गप्प असायची.

पिल्लाच्या अंगावर अजून पुरती पिसं नव्हती, काड्यांसारखे कोंब होते. पहिल्या दिवशी मी भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून बोटावर घेतली आणि त्याच्यापुढं धरली. त्यानं डाळ सोडून बोट धरलं. एवढ्याशा चोचीत केवढा जोर असतो, हे ज्याला चावलंय त्यालाच कळेल. मी हात झटकला आणि ते टोपलीत उताणं पडलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "चोचीवर टिचकी मारायची. दोनदा मारलीस की आपसूक गप बसतंय."

मी मारली. खरं सांगायचं तर दोनदा नाही, पाच-सहा वेळा मारली. मग ते टोपलीच्या कडेला सरकलं, मान आत ओढून घेतली आणि माझ्या हाताकडं बघत राहिलं. माझ्याकडं नाही, हाताकडं. तसं बघणं मला चांगलं ठाऊक होतं. मी हात पदराखाली घेतला आणि आत मोरीत जाऊन बसले. त्यानंतर त्याला कधी मारलं नाही.

अण्णांना यंत्रं कळायची, पाखरं नाही. पण काहीही चालत नसेल तर आधी नुसतं बघत बसायचं, ही त्यांची रीत होती. दोन-तीन दिवस ते संध्याकाळी टोपलीशेजारी उकिडवे बसून माझ्या हाताकडं आणि पिल्लाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तू हात वरनं नेतीस. वरनं येतंय ती घार. खालनं ने, त्येच्या छातीच्या खाली."

"आणि चावलं तर?"

"चावलं तर चावलं. हात काढू नको. तू हात काढलास की त्येला कळतंय, चावलं की हे जातंय."

पुढं माझ्याही ध्यानात आलं की पोपटाची चोच ही चावण्यापुरतीच नसते. कुठंही पाय टाकण्याआधी तो चोचीनं चाचपून बघतो, ही जागा आपल्याला पेलेल का. आपल्याला वाटतं, चावायला आला. आपण हात मागं घेतो. हलणारी जागा बघून तो घाबरतो आणि मग खरंच चावतो. म्हणजे सगळं काम माझ्याच हाताचं होतं. हात हलता कामा नये.

मी काठीपासून सुरुवात केली. वीतभर काठी त्याच्या पायांच्या वर, पोटाला हलकेच टेकवायची आणि म्हणायचं, "ये की." चढला की शेंगदाण्याचा तुकडा. रोज काठी थोडी आखूड धरायची, म्हणजे माझी बोटं त्याच्या जवळ जवळ सरकायची. डोळा वाचायला शिकले. बाहुली एकदम बारीक होऊन मोठी व्हायला लागली आणि मानेवरची पिसं उभी राहिली की तिथंच थांबायचं, उगीच रेटायचं नाही. सकाळी खायला घालण्याआधी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा चाव्यांनी भरून गेले होते. पण हे चावे मला लागत नव्हते. ते कशासाठी आहेत, हे मला कळत होतं.

मे महिन्यात एका सकाळी काठी न घेता मी नुसतं बोट पुढं केलं. त्यानं चोच टेकवली, चाचपली. मी श्वास रोखून धरला. मग एक पाय, मग दुसरा. त्या पायांचा ऊबदारपणा मला अजून आठवतो. आई गेल्यानंतर, आपणहून आणि काही नको असताना माझ्या हाताला कुणी स्पर्श केला असेल तर तो त्या पाखरानं.

मला एवढं पुरे होतं. पण अण्णा म्हणाले, "एकाचंच पाखरू हुईल असं करू नको. उद्या तू घरात नसशील, तर त्येला कोण बघणार?"

मी नसेन, म्हणजे कुठं असेन, हे मी विचारलं नाही. अण्णांनी तारेचा पिंजरा वळला. पोपट पाळायला बंदी आहे हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शेजारच्या काकूंचा हात धरून शिकवलं, दूधवाल्याला शिकवलं, गल्लीतल्या पोरांना दारात ओळीनं बसवून शिकवलं. हात खालून न्यायचा, हलवायचा नाही, ये की म्हणायचं. जुलै संपेतोवर ते पाखरू कुणाच्याही हातावर बसू लागलं. ज्याचा हात स्थिर, त्याच्या हातावर. गल्लीत माझं कौतुक झालं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी नवरा आला. बरोबर त्याचे चुलते आणि आमच्या विहारातले दोन वडीलधारे. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. अण्णांना वाकून नमस्कार करून म्हणाला, "मामा, झालं गेलं विसरा. माझंच चुकलं आसंल." काय चुकलं ते बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी चहा घेऊन बाहेर आले. पोपट खुर्चीच्या पाठीवर बसला होता. दोघा वडीलधाऱ्यांपैकी थोरल्यांनी विचारलं, "चावतंय काय गं हे?"

"न्हाय," मी म्हणाले. "कुणालाच चावत न्हाय."

हे मी अभिमानानं म्हणाले. माझ्याच तोंडानं.

नवऱ्यानं कप खाली ठेवला. "कसं घ्यायचं त्येला?" त्यानं मला विचारलं, सगळ्यांसमोर, अगदी मऊ आवाजात. मी गप्प राहिले. अण्णाच म्हणाले, "पावणं, हात खालनं न्या. आणि ये की म्हणा."

त्यानं उजवा हात खालून नेला. बरोबर छातीच्या खाली, वरून नाही. "ये की," तो म्हणाला.

चाव. मी मनात म्हणत होते, चाव, बाबा, एकदा चाव. पाखरानं मान तिरपी केली, चोच त्याच्या बोटाला टेकवली, चाचपली. पण तो हात कधीच हलायचा नाही. जॉबरचा हात होता. चालू मागात सुटलेला दोरा पकडणारा. एक पाय, मग दुसरा. हातावर बसून पाखरानं अंग फुलवलं आणि निवांत डोळे मिटले.

"बघा," थोरले वडीलधारे म्हणाले. "मुक्या जिवाला माणूस कळतंय."

सगळे हसले. इतका वेळ घरात जो ताण होता तो त्या हसण्यानं सुटला. नवरा पाखराच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत होता. तेच हसू.

अण्णा बराच वेळ पाखराकडं बघत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सामान भर, बाळ."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं हे मला आज कळतं, असं नाही. तेव्हाही कळत होतं. पण चार माणसं हसत होती, पाखरू त्याच्या हातावर डोळे मिटून बसलं होतं, आणि माझ्याजवळ दाखवायला मनगटावर सहा महिन्यांत पुसट होऊन गेलेला एक डाग होता. मी आत जाऊन पिशवी भरली.

पुढचे चौदा महिने मी कबनूरला होते. त्याबद्दल फार सांगत नाही. महिन्यातून एकदा एसटीडी बूथवरून अण्णांशी बोलायची, तो काचेबाहेर उभा असायचा. मी विचारायची, "पाखरू कसं हाय?" अण्णा म्हणायचे, "बरं हाय." मग दोघं गप्प. मीटर चालू असायचा.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीआधी माझं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज होतो म्हणतात. शेजारी माग चालू होते, मला काही ऐकू आलं नाही. त्यानंच दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "मोरीत घसरली." मीही मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये गेल्यावर मी प्लास्टरमधला हात पदराखाली घेतला, पिशवीही न घेता स्टँडवर गेले आणि कोल्हापूरच्या गाडीत बसले.

अण्णांनी दार उघडलं. त्यांनी आधी प्लास्टर बघितलं, मग मला. बाजूला सरले. मी बसले तर स्वतः चहा ठेवायला गेले आणि आत बराच वेळ भांडी वाजवत राहिले.

पिंजरा ओट्यावरच्या खुंटीला नव्हता.

"पाखरू कुठाय?"

ते कप घेऊन बाहेर आले. "सोडलं," म्हणाले. "तू गेलीस, त्येच्या पुढच्याच महिन्यात."

"फोनवर तर बरं हाय म्हणायचा."

"काय सांगायचं मग?" ते खाली बघत होते. "सकाळी पिंजऱ्यापाशी गेलो की ते पुढं यायचं. हात दिसला की पाय उचलायचं. मला बघवंना. दार उघडं टाकलं. दोन दिवस गल्लीतच हुतं, हिच्या हातावर बस, त्येच्या हातावर बस. तिसऱ्या दिवशी न्हाय दिसलं."

"कुणी नेलं?"

"काय म्हाईत. कुणाच्याबी हातावर जात हुतं की ते."

मी चहा प्यायले. दुसऱ्या आठवड्यात तीच माणसं परत आली. अण्णा उंबऱ्यात उभे राहिले, कुणाला आत बोलावलं नाही. "पोरगी येणार न्हाय," एवढंच म्हणाले आणि दार लावून घेतलं. यथावकाश कोर्टातून मी मोकळी झाले. मनगट सांधलं, पण पुरतं वळत नाही. पिको-फॉलचं मशीन घेतलं आणि समोरच्या खोलीत काम सुरू केलं. माझं चाललं.

पण ते पाखरू मनातून गेलं नाही. मशीन सुरू केलं की त्या टकटकीत मला माग ऐकू यायचे आणि पाठोपाठ ते दिसायचं: कुणाच्या तरी दारातल्या कट्ट्यावर बसलेलं, समोरून खालच्या बाजूनं एक हात येतोय, आणि ते पाय उचलतंय. हात कुणाचा ते दिसायचं नाही. मूठ मिटताना दिसायची. उसाच्या रानावरून पोपटांचा थवा ओरडत गेला की मी काम टाकून ओट्यावर यायची. थव्यात ते नसणार हे मला कळायचं. माणसाच्या हाताला घाबरायचं नाही असं शिकलेलं पाखरू थव्यात किती दिवस टिकेल? भीती ही त्याची होती, आईबापांकडून मिळालेली. ती मी शेंगदाण्याच्या तुकड्यांवर काढून घेतली होती.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात साडी द्यायला आलेली एक बाई बोलता बोलता म्हणाली, "आमच्या म्हायेरी, कागलच्या अलीकडं, पिठाच्या गिरणीत एक पोपट हाय बघा. मोकळाच असतोय. कुणाच्याबी हातावर येऊन बसतोय. आजवर एकाला चावला न्हाय."

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. अण्णा आतून ऐकत होते. तोवर ते रिटायर झाले होते, गुडघ्यांनी बेजार. बाई गेल्यावर बाहेर आले आणि म्हणाले, "रविवारी जाऊया. मी बी येतो."

रविवारी गाडीवर त्यांना मागं बसवून गेले. गिरणी हायवेपासून आत होती. गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला, भुवयासुद्धा पांढऱ्या. "या पावणं, कुठलं म्हणायचं?"

"बावड्याचं. तुमचा पोपट बघाय आलतो," अण्णा म्हणाले.

तो खूश झाला. पोपट चक्कीच्या वरच्या वाशावर बसला होता. गळ्याला काळा-गुलाबी कंठ आला होता. मी सोडून गेले तेव्हा माझ्या पाखराचं कंठ फुटायचं वय झालं नव्हतं. ओळख पटावी अशी खूण काहीच नव्हती.

"कुठनं आणला?" अण्णांनी विचारलं.

"आणतोय कशाला? आपणच आला. झाली की चार-पाच वर्सं. पोत्यावर येऊन बसला, मी हात केला, तर हातावर. मी म्हटलं कुणीतरी लई मायेनं वाढवलाय ह्येला."

त्यानं हात वर केला, पोपट उतरून त्याच्या मनगटावर आला. दळण घ्यायला आलेल्या एका म्हातारीच्या हातावर गेला. मग गिरणीवाल्यानं अण्णांना म्हटलं, "धरा की तुम्ही बी." अण्णांनी थरथरता हात पुढं केला. हात हलत होता, तरी पोपट त्यावर बसला.

मी पुढं झाले. खालून, छातीच्या खाली, उजवा हात. "ये की," मी म्हणाले.

त्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली. मानेची पिसं उभी राहिली. थांबायला हवं होतं. मीच सगळ्यांना शिकवायची, इथं थांबायचं. मी थांबले नाही. त्यानं चोच माझ्या तर्जनीला टेकवली नाही, चाचपलं नाही, सरळ चावला. चावून सोडलं नाही, धरून राहिला. मी हात काढला नाही. रक्त मनगटापर्यंत आलं तेव्हा गिरणीवाल्यानं धावत येऊन त्याला बाजूला केलं.

"आरं तिच्या!" तो पुरता गोंधळला होता. "ताई, आईशप्पत सांगतो, आजवर कुणाला चावला न्हाय हो!"

त्यानं चिमूटभर हळद आणून बोटावर दाबली. पोपट परत वाशावर जाऊन बसला होता आणि माझ्या हाताकडं बघत होता.

येताना हायवेला लागण्याआधी अण्णांनी खांद्यावर हात टेकवून गाडी थांबवायला सांगितलं. मला वाटलं गुडघा धरला. ते उतरले, रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"आपलंच हाय ते?" त्यांनी विचारलं.

"न्हाय वाटत," मी म्हणाले. मला खरंच ठाऊक नव्हतं. आजही नाही. माझंच असेल आणि त्याला मी आठवले असेन. माझं नसेल आणि माझ्याच हाताला त्या दिवशी काही झालं असेल.

समोरून उसाची रिकामी ट्रॉली गेली. तिचा आवाज विरेपर्यंत ते थांबले.

"तुला न्हाय, मला चावाय पायजे हुतं," ते म्हणाले. "तू पयल्यांदा आलीस त्याच दिवशी तुझ्या मनगटावरचा डाग बघितला हुता मी. पाण्याचा तांब्या दिलास तवा."

मी गाडी स्टँडला लावली.

"पाखराला काय कळतंय? काय बी कळत न्हाय. मी मेल्यावर तुझं कोण, ह्या भ्यानं तुला धाडायचंच ठरवलं हुतं मी. ते त्येच्या हातावर बसलं, लोक हसली, मला निमित्त गावलं."

बोट ठणकत होतं. एवढी वर्षं ते पाखरू मी डोळ्यांपुढून हलवू शकले नव्हते. त्याला दोष दिला होता, स्वतःला दिला होता. अण्णांना द्यावा असं मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. आता तो दोष ते आपणहून माझ्या हातात देत होते आणि मला तो घेताही येत नव्हता, टाकताही येत नव्हता.

"चला," मी म्हणाले. "इंजेक्शन घ्याय पायजे. दवाखाना बंद हुईल."

त्यांना उठायला हात दिला. पुढं अण्णा तीन वर्षं जगले. शेवटचे सहा महिने अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मीच केलं. मनगट वळत नसल्यानं त्यांना कुशीवर करताना त्रास व्हायचा, ते त्यांच्या ध्यानात यायचं, मग ते स्वतःच जोर लावून वळायचा प्रयत्न करायचे. त्या दगडावरचं बोलणं आम्ही दोघांनी पुन्हा कधी काढलं नाही. माफ केलंस का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, याचा विचार मशीनवर बसले की अजून करते, आणि रोज वेगळं उत्तर येतं.